नानांचा निसणा

नानांच्या घरात धड धारेची एकही वस्तू नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून डोंबिवलीतल्या त्या दोन खोल्यांत भिंतीभर तलवारी टांगल्या असतील असा तुमचा समज व्हायचा. वडिलांच्या वेळचा एक अडकित्ता, खिशातला एक चाकू, जुन्या बाजारातून आणलेल्या तीन-चार पटाश्या आणि माईंची विळी, एवढंच काय ते पोलाद. त्यातल्या विळीला हात लावायची नानांना परवानगी नाही. त्यांच्या घरी टोमॅटो चिरला जात नाही, दबावाखाली कबुली देतो, हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

धार लावायच्या दगडांचं मात्र विचारू नका. वडिलोपार्जित कुरुंदाचा निसणा आहे. एका अंगाला खरखरीत आणि दुसऱ्या अंगाला मऊ असा कार्बोरंडमचा काळा दगड आहे. भाच्यानं अमेरिकेहून आणलेला आर्कान्सासचा पांढरा दगड आहे. एक जपानी आहे. दगड टीव्हीखालच्या कपाटात जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळलेले असतात आणि वरच्या शोकेसमध्ये, जिथे इतरांकडे नातवंडांच्या ट्रॉफ्या असतात, तिथे बाटल्या. प्रत्येक बाटलीवर पांढरी चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, आणल्याची तारीख आणि एक आकडा. हा आकडा सेकंदांचा आहे. तो कशाचा, ते येईलच.

नानांचा प्रश्न एका ओळीचा आहे. धार लावताना दगडावर काय घालायचं? तेल, पाणी, रॉकेल, साबणाचं पाणी, थुंकी, की काहीच नाही? निवृत्त झाल्या दिवसापासून ते या प्रश्नाला भिडले आहेत, आणि उत्तर मिळेपर्यंत दगडाला पातं लावायचं नाही असा त्यांचा नेम आहे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ट्रेकचे बूट निवडता निवडता तीन पावसाळे घालवणारे. पेटी शिकायला बसण्याआधी पेटीचं लाकूड कुठलं असावं यावर वही भरवणारे. लोक त्यांना आळशी म्हणतात, ते साफ चूक आहे. आळशी माणूस काम टाळतो. हा माणूस कामाआधीचं काम इतकं जीव ओतून करतो की कामाला वेळच उरत नाही. नाना पहाटे पाचला उठतात.

नोकरी त्यांनी ठाण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात केली, प्रयोगशाळेत. ऑइलपेंट म्हणजे मुळात वाळणारं तेल. जवसाच्या तेलाचा पातळ थर उघड्यावर ठेवला की ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाचं कातडं होतं. ते लवकर व्हावं म्हणून रंगात कोबाल्टचे क्षार घालतात. नानांची सगळी हयात तेल लवकर कसं वाळेल हे बघण्यात गेली. आणि धारेच्या दगडाला हवं असतं ते कधीही न वाळणारं तेल. ज्याच्यासाठी आयुष्यभर पगार घेतला त्याच्या बरोब्बर उलट काम निवृत्तीनंतर करायला मिळावं, हे भाग्य राजकारण सोडून इतर कुठल्या क्षेत्रात बघायला मिळत नाही.

निरोप समारंभात इतरांना घड्याळ मिळतं. नानांनी भंगारात निघालेला फोर्ड कप मागून घेतला. हा कप म्हणजे शंभर मिलिलिटर मावेल असं धातूचं भांडं, बुडाला एक बारीक भोक. भोकावर बोट ठेवून कप काठोकाठ भरायचा, बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचं. रंग किती दाट आहे ते कारखान्यात असंच ठरवतात. बाटल्यांवरचा आकडा तो. नानांच्या घरी फोर्ड कप रिकामा होत असेल तेव्हा बेल वाजली तरी दार उघडत नाहीत.

त्यांचं शास्त्र पक्कं आहे, हे मान्य करायला हवं. एकदा मी सहज म्हणालो, की तेल घालतात ते पातं सरसर सरकावं म्हणून ना? नानांनी चष्मा काढला.

"अरे, सरकावं म्हणून घालायचं तर मग साबण फासा की! पातं दगडावर सरकायला लागलं तर तू धार लावत नाहीस, दगडाला मालिश करतोस." मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि एवढं सोपं करून मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. दगड पोलाद खातो. खाल्लेल्या पोलादाचा भुगा आणि दगडाचे सुटलेले कण दगडाच्याच बारीक भोकांत जाऊन बसतात. भोकं बुजली की दगड वरून चकचकीत होतो आणि चावेनासा होतो. मग तासभर घासा, धार आहे तिथेच. वर ओतायचं ते हा भुगा तरंगत ठेवायला, म्हणजे फडकं फिरवलं की निघून जातो. हातानं धार लावताना पातं काही तापत नाही, त्यामुळे थंडाव्याचाही प्रश्न नाही. "ओतायचं ते कचरा काढायला," नाना म्हणाले. "बास. एवढंच काम."

एवढंच काम असेल तर कुठलंही पातळ तेल चालेल की, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं, आणि ते मी बोललोही. नाना हसले. पायरीवर उभं राहून गाभारा बघितल्यासारखं समजू नकोस, असं त्या हसण्यात होतं.

पहिलं वर्ष माईंच्या फळीवरच्या तेलांत गेलं. कारखान्यात रंगाचा थर काचेवर ओढून बघतात, तसे नानांनी काचेच्या पट्ट्यांवर एकेका तेलाचे थर ओढले आणि गॅलरीत मांडले. रोज सकाळी पूजा झाली की प्रत्येक पट्टीला करंगळी लावायची आणि वहीत नोंद करायची. जवसाचं कातडं झालं, ते होणारच होतं. त्याच्यामागून करडई गेली. करडईचं तेल पिवळं पडत नाही म्हणून ते रंगातही वापरतात. माई त्याच तेलात फोडणी घालतात हे कळल्यावर नाना चार दिवस वरणाकडे संशयानं बघत होते. शेंगदाण्याचं तेल वाळलं नाही, पण चिकट झालं, खवट झालं आणि मग मुंग्या झाल्या. एरंडेल वाळत नाही, मात्र त्याचा फोर्ड कप रिकामा व्हायला काही मिनिटं लागली, आणि तेवढ्या वेळात माईंनी एकूण संसाराबद्दल जे बोलायचं राहिलं होतं ते बोलून घेतलं.

खोबरेल तेल जवळजवळ पास झालं होतं. तेल किती लवकर वाळेल ते आयोडीनच्या आकड्यावरून कळतं. आकडा मोठा तितकं तेल वाळण्याच्या घाईत. जवसाचा आकडा १७०च्या पुढे, शेंगदाण्याचा ९०-१००च्या आसपास, खोबरेलाचा दहाच्या आतबाहेर. म्हणजे खोबरेल वर्षभर ठेवलं तरी वाळायचं नाव काढणार नाही. नाना खुशीत आले. मग डिसेंबर आला. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि डोंबिवलीतली थंडी माणसांना नाही तरी खोबरेलाला कळते. एके दिवशी सकाळी पट्टीवर पांढरी साय धरलेली दिसली. नानांनी वहीत लाल रेघ मारली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. माईंच्या शिलाई मशीनच्या खणात, मशीन घरात आलं त्या दिवसापासून, टोकदार नळीची तेलाची कुपी आहे. पातळ खनिज तेल. ते वाळत नाही, खवट होत नाही, गोठत नाही, मुंग्या लागत नाहीत. जगभरातले सुतार तेलाच्या दगडावर हेच किंवा याच्यासारखंच काहीतरी वापरतात. माईंनी ही कुपी पहिल्याच आठवड्यात नानांच्या समोर ठेवली होती. नानांनी ती उजेडात धरली, वास घेतला, कपातून काढली, आकडा टिपला आणि परत खणात ठेवली. "चांगलं आहे," ते म्हणाले, "पण इतकं सोपं नसणार." या माणसाचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे. उत्तर घरातच निघालं तर तो प्रश्न त्यांना आपल्या योग्यतेचा वाटत नाही.

मग खनिज तेलांचा शोध घराबाहेर सुरू झाला. शुद्ध खनिज तेल औषधाच्या दुकानात मिळतं हे नानांना ठाऊक होतं. लिक्विड पॅराफिन. ते दगडाला चालतं आणि बद्धकोष्ठालाही चालतं, फक्त दुकानदाराला त्यातला दुसराच उपयोग माहीत असतो. नानांनी बाटली मागितली.

"काका, कधीपासून आहे त्रास?" दुकानदारानं आवाज खाली आणून विचारलं.

"निवृत्त झाल्यापासून," नाना म्हणाले. त्यांना वाटलं तो प्रश्नाबद्दल विचारतोय.

"होतं असं. फिरणं कमी होतं ना. रात्री झोपताना दोन चमचे घ्या."

"मला नको आहे, दगडाला हवंय. हलकं आहे की जड?"

दुकानदारानं मागच्या मुलाकडे बघितलं. रांगेत आमच्याच बिल्डिंगमधल्या दोघी होत्या. नानांना मुतखडा झालाय ही बातमी ते घरी पोचण्याआधी तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली होती, आणि संध्याकाळी कुळथाचं कढण घेऊन एक जण आलेही.

शोकेस भरत गेली. सायकलसाठी १८९४ साली अमेरिकेत निघालेलं थ्री-इन-वन आलं. १९५३ साली क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं पाणी हटवायला बनवलेलं आणि चाळिसाव्या खेपेला जमलं म्हणून त्या आकड्याचं नाव लावणारं डब्ल्यूडी-४० आलं. त्यातला बराचसा भाग उडूनच जातो म्हणून नानांनी त्याला कोपऱ्यात बसवलं. तान्ह्या बाळांना लावायचं तेल आलं. तेही खनिज तेलच, पण वासाचं. त्याचा नमुना बघायचा म्हणून थेंबभर काचेवर घातला तर घरभर बारशाचा वास सुटला आणि माईंना कुणीतरी विचारलंसुद्धा.

नानांचं खरं प्रेम मात्र रॉकेलवर. रेशनकार्डावरचं, निळा रंग घातलेलं रॉकेल. तेलात चमचाभर मिसळलं की तेल पातळ होतं, बुजलेला दगड त्यात ठेवला की मोकळा होतो, आणि एवढं गुणी द्रव्य एकेकाळी घरोघरी स्टोव्हखाली फुकट गळायचं. आता गॅस आला, रांगा गेल्या आणि रॉकेलही गेलं. लोक गतकाळाची आठवण काढतात तेव्हा गाणी, सिनेमे, चाळीतली दिवाळी असं काहीतरी म्हणतात. नाना रॉकेल म्हणतात.

तेलाचा पक्ष असा मजबूत होत असताना जपानी दगड आला आणि त्यानं सगळं उधळून लावलं. हा पाणी पितो. वापरायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बादलीत बुडवायचा. त्यातून बुडबुडे येतात, ते थांबले की दगडाचं पोट भरलं. नाना बादलीपुढे पाट टाकून बुडबुडे बघत बसले. पाणी कुठलं हाही प्रश्न होताच. नळाचं, टँकरचं, बोअरचं आणि गाळलेलं अशा चार बाटल्या झाल्या, आणि फोर्ड कपातून चारही सारख्याच वेळात पडल्या, याचं नानांना फार वाईट वाटलं. पाण्यानं पोलाद गंजतं. त्यावर धुण्याचा सोडा चिमूटभर घातला तर गंज थोपतो, हे त्यांनी करून बघितलं आणि ते खरं निघालं. त्या दिवशी बादली न मिळाल्यामुळे माईंचं धुणं दुपारपर्यंत तसंच होतं, ही नोंद वहीत नाही.

तेल आणि पाणी दोन्ही दगडावर घालून काय ते एकदा बघून का टाकत नाही, असं मी विचारलं तेव्हा मला त्यांच्या नेमामागचं कारण कळलं, आणि ते वेडगळ नाही. सच्छिद्र दगडाला एकदा तेल पाजलं की ते आत मुरतं. मग पाणी त्याच्यावरून नुसतं ओघळून जातं. तेलाचा दगड परत पाण्यावर आणायचा म्हणजे रॉकेलमध्ये भिजवा, सोड्यात उकळा, आणि इतकं करून तो पुरता सुधारेलच असं नाही. पहिला थेंब ही जन्माची गाठ. पत्रिका जुळल्याशिवाय नाना थेंब टाकत नाहीत, आणि पत्रिका बघणारेही तेच.

सोड्यात उकळण्याचं मी ऐकीव सांगत नाही. वडिलांच्या कुरुंदाच्या निसण्याला कुणीतरी पूर्वी करडईचं तेल पाजलेलं होतं. त्याची लाखेसारखी पुटं चढली होती. नानांनी तो सोड्याच्या पाण्यात कुकरला लावला. तिसऱ्या शिट्टीला झाकणाच्या कडेनं तपकिरी फेस आला. कुकर उघडला तेव्हा पाण्यावर तेलाचा तवंग होता, आणि दगडाला पाझर फुटणं म्हणजे काय ते मी प्रत्यक्ष पाहिलं. माईंना मात्र फुटला नाही. नवा कुकर येईपर्यंत दोघं बाहेरून डबा मागवत होती.

पुतणीच्या लग्नाचं जमत होतं तेव्हाची गोष्ट. बघायला आलेला मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर. पोहे झाले, पगार झाला, पुण्याचा फ्लॅट झाला. नाना इतका वेळ गप्प होते. त्यांनी पुढे सरकून विचारलं, "तुम्ही दगडाला काय लावता?"

मुलगा गोंधळला. आईकडे बघून म्हणाला, "दगडाला म्हणजे... वज्रीला का? मी आधी पाय पाण्यात भिजवतो."

"पाणीवाला आहे," नाना माझ्या कानात म्हणाले. लग्न ठरलं. पुतणी आजही सांगते की काकांनी एका प्रश्नात माणूस ओळखला.

नाना एकटेच या कोड्यात अडकलेत असं नाही, आणि ते स्वतःही हे पुराव्यानिशी सांगतात. पुरावा म्हणजे प्लिनी. या रोमन गृहस्थानं जगातल्या झाडून साऱ्या गोष्टींवर ३७ खंडांचा ग्रंथ लिहिला, आणि ३६व्या खंडात धारेच्या दगडांची वर्गवारी करून ठेवली. क्रीट बेटाचे दगड नावाजलेले, त्यांना तेल लागतं. नॅक्सोसचे उत्तम, त्यांना पाणी लागतं. किलिकियाचे तेलावरही चालतात आणि पाण्यावरही. आणि न्हाव्याच्या दुकानात वापरतात ते निराळेच, त्यातले स्पेनचे विशेष चांगले. त्यांना माणसाची थुंकी लागते. "दोन हजार वर्षं झाली," नाना म्हणतात, "यादीत भर पडली ती फक्त रॉकेलची." हा प्लिनी इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात मेला. लोक पळत होते तेव्हा हा धुराचा ढग कसला ते जवळून बघायला आणि माणसं सोडवायला म्हणून जहाजं काढून तिकडे गेला. नाना त्याचं नाव घेताना चुलत्याबद्दल बोलावं तसं बोलतात.

थुंकीचा पर्याय त्यांनी तपासला नाही असं समजू नका. लहानपणी गावी न्हावी धोकटी घेऊन ओसरीवर यायचा, निसण्यावर थुंकून वस्तरा फिरवायचा आणि शेवटचे दोन हात तळहातावर मारायचा. त्या वस्तऱ्यानं कधी ओरखडा उठला नाही, असं नाना शपथेवर सांगतात. वस्तऱ्याएवढ्या पात्याला थुंकी पुरते. पटाशीला तोंड कोरडं पडतं. या विषयावरच्या पुढच्या प्रयोगांना माईंनी परवानगी नाकारली, आणि शोकेसमध्ये तशी बाटली नाही याबद्दल आम्ही सगळे त्यांचे ऋणी आहोत.

या सगळ्यावर कडी केली ती एका अमेरिकन माणसानं. जॉन ज्युरॅनिच. धारेवर पुस्तक लिहिणारा हा गृहस्थ म्हणतो, काही घालूच नका, दगड कोरडा ठेवा. तेलात तरंगणारा भुगा धारेवरच आपटतो आणि धार बोथट होते. नाना त्या दिवशी जेवले नाहीत. तेल की पाणी हा वाद कितीही वर्षं चालवता येतो, पण प्रश्नच रद्द करणारा माणूस फार धोक्याचा. शोकेसमधल्या साऱ्या बाटल्यांकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग माई म्हणाल्या, "अहो, त्याचीही एक बाटली ठेवा. रिकामी." आणि नानांनी खरोखरच ठेवली. चिठ्ठीवर लिहिलंय, "कोरडे". सेकंद शून्य.

माई स्वतः विळी कशी लावतात, तर कप उपडा घालून. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला बिनचकाकीचं कडं असतं, ते पात्याला चांगलं लागतं. चार हात इकडून, चार तिकडून, वर काही न घालता. जरा जास्तच बोथट झाली तर सायकलवरच्या धारवाल्याला देतात. तो पॅडल मारतो, चाक फिरतं, ठिणग्या उडतात आणि खाली उभे असलेले नाना डोळे मिटून घेतात. कोरड्या चाकावर पातं तापलं की धारेवर निळा डाग येतो, आणि तिथलं पोलाद मऊ पडतं. हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. धारवाला त्यांना गेली कित्येक वर्षं "साहेब, जरा बाजूला" एवढंच म्हणत आलेला आहे.

गेल्या आषाढात नानांचं बाथरूमचं दार फुगलं. सावंतवाडीकडचे एक म्हातारे मिस्त्री इकडेच राहतात, त्यांना बोलावलं. त्यांनी दार उतरवलं, रंधा काढला, पात्यावर अंगठा आडवा फिरवला आणि पिशवीतून काळ्या दगडाचा मधोमध खोलगट झालेला तुकडा काढला. नाना सावरून बसले. हा क्षण ते सोडणार नव्हते. त्यांनी शोकेस उघडली, सगळ्या बाटल्या ट्रेमध्ये मांडल्या आणि ट्रे घेऊन मिस्त्रींपुढे उभे राहिले.

"मिस्त्री, यातलं कुठलं?"

मिस्त्रींनी ट्रेकडे बघितलं. त्यांना बहुधा वाटलं, यजमान सरबत विचारताहेत. "आता नको, मागसून घेतंय," असं म्हणून त्यांनी हात गॅलरीच्या बाहेर काढला, पागोळीखाली दगड धरला, निथळू दिला आणि पातं लावलं. दोन्ही हातांची बोटं पात्यावर चिकटवलेली, मनगट जाम, अंग मात्र पुढेमागे डुलतंय. पातं एकदाही उचललं गेलं नाही की कललं नाही. पाच-सात मिनिटांत त्यांनी पातं पुसलं, मनगटावरचे चार केस भादरून बघितले आणि रंधा दारावर चालवला. कागदासारखी पातळ सालं निघाली.

नानांनी एक साल उचलून खिडकीशी धरली. पलीकडचं दिसत होतं.

"पण मिस्त्री, नुसतं पाणी? तेल नाही, काही नाही?"

"नाना, दगड ओलो आसलो म्हणजे झाला. हात हलूक नको. मगे वर कायव ओता."

दार बसलं. मिस्त्रींनी मजुरी घेतली, चहा घेतला, ट्रेमधलं काही मात्र घेतलं नाही. मला वाटलं, आता हा माणूस दगड काढणार, पागोळीखाली धरणार आणि निदान अडकित्त्याला तरी धार लावणार. पाऊस होता, दगड होते, गुरू समोर बसून गेला होता.

नानांनी पागोळीखाली बाटली धरली.

ती आता शोकेसमध्ये डावीकडून पहिली आहे. "पर्जन्यजल, आषाढ." इतकी वर्षं हे आपल्या लक्षातच कसं आलं नाही, याची त्यांना हळहळ वाटते. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, म्हणजे सुकल्यावर दगडावर पांढरा थर राहणार नाही. पण हे डोंबिवलीचं पाणी. इथे २०१४ साली हिरवा पाऊस पडल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं. तेव्हा आम्लता तपासायला हवी. शिवाय पहिल्या सरीचं पाणी आणि आषाढातलं पाणी एकच कसं असेल? श्रावणाचा नमुना घेऊन झालाय. यंदा मृगाचा घ्यायचा आहे.

तुमच्याकडे धारेचा दगड असेल तर नानांच्या वहीतलं एवढं बिनधोक घ्या. जपानी किंवा तशाच मऊ दगडाला पाणी, तेल पाजलेल्याला शिलाई मशीनचं तेल, स्वयंपाकाचं तेल कुठल्याच दगडाला नाही. आणि भुगा काळा दिसायला लागला की पुसा. बाकीचं काम मिस्त्रींनी सांगितलंय तसं, हाताचं आहे. आणि वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर रेशनच्या काळातलं निळं रॉकेल उरलं असेल, तर कृपा करून नानांसाठी पाव बाटली राखून ठेवा. सोबत सल्ला मात्र पाठवू नका, शोकेसमध्ये जागा नाही.